गजलक्ष्मीचं गंगास्नान

मी एक जुनी मोटार आहे, आणि माझ्या पोटात इंजिन नाही. हसू नका, मित्रांनो! पोटात धडधाकट इंजिन असलेल्या कितीतरी मोटारी तिकडच्या मोठ्या रस्त्याने रोज जातात, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्यासाठी मात्र दर दिवाळीला सगळं गाव न्हाऊनमाखून, नवे कपडे घालून हजर होतं. असं का, तेच आज तुम्हाला सांगायला बसले आहे. बसले म्हणजे उभीच आहे म्हणा. आम्हाला बसता कुठे येतं!

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. एका भल्यामोठ्या लाकडी खोक्यातून, गवतात गुंडाळून मला मद्रासच्या बंदरात उतरवलं, तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. दिवे टपोरे, आणि दारांखालची पायफळी इतकी रुंद की तिच्यावर एखाद्याने खुशाल ताणून द्यावी. पहिली काही वर्षं मी एका गोऱ्या साहेबाला समुद्रकाठच्या हवेला नेत असे. साहेब गेला, मग मैलापूरच्या एका डॉक्टरांनी मला घेतलं. ते माणूस चांगले होते, पण माझ्यात बसून कोणी गाणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यामुळे माझी तरुणपणाची वर्षं अगदी गप्प गप्प गेली.

खरं आयुष्य सुरू झालं ते सेतुमाधवरावांच्या दारात आल्यावर. सेतुमाधवराव म्हणजे तंजावरकडचे कथेकरी. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हरिकथा चालत आलेली. गोष्ट तमिळमध्ये सांगायची आणि मध्येच एखादी मराठी साकी नाहीतर दिंडी अशी झोकात म्हणायची की मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या लोकांनी माना डोलवाव्यात. मंडळी मैलापुरात राहत होती आणि गावोगावची आमंत्रणं येत होती. मृदंग, पेटी, गादी, समया आणि माणसं एवढं सगळं बसमध्ये मावेना, म्हणून मला आणली.

मला पाहताक्षणी सेतुमाधवरावांची थोरली बहीण कनकाआत्या म्हणाली, "अय्यो! हत्तीण की गो ही! हिला आम्ही गजलक्ष्मी म्हणून हाक मारायची." तेव्हापासून तेच माझं नाव. डॉक्टरांकडे मला नुसता नंबर होता.

एक खोड मात्र मला होती. पेट्रोल पिण्यात माझा हात कोणी धरला नसता. शेवटी सेतुमाधवरावांनी मद्रासमधल्या मोडक्या गाड्यांच्या बाजारातल्या, पुदुपेटच्या, जनकोजी मेस्त्रीला गाठलं. त्याने माझं मूळचं इंजिन काढलं आणि एका मोडीत निघालेल्या छोट्या लॉरीचं डिझेल इंजिन मला बसवलं. त्या दिवसापासून माझा आवाज भाताच्या गिरणीसारखा झाला. मी सुरू झाले की गल्लीतली भांडी फळ्यांवर नाचत. आधी मला फार लाज वाटली. मग पहिल्याच प्रवासात मागच्या सीटवर मृदंग वाजवणारे वेंकोबा म्हणाले, "अण्णा, हिचा ठेका पक्का आहे की!" आणि त्यांनी माझ्या धडधडीवर बोल धरले. पुढच्या सीटवर सेतुमाधवराव गाऊ लागले. मी अशी खुलले म्हणता! भात गिरणी तर भात गिरणी, पण गाणारी भात गिरणी.

कांचीपुरम, चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर. किती फिरले मी! माझ्या मैलाच्या घड्याळात एकदा सगळीकडे नऊच नऊ उभे राहिले. सेतुमाधवरावांनी गाडी हळू केली, सगळे पुढे वाकले, आणि खटकन सगळ्या नवांची शून्यं झाली. कनकाआत्याने तिथल्या तिथे सगळ्यांच्या तळहातावर साखर ठेवली. "पोर पुन्हा जन्मली बघ," म्हणाली. एक चिमूट माझ्या बॉनेटवरही ठेवली, ती मुंग्यांनी नेली. पुढे काही वर्षांनी ते घड्याळ दुसऱ्यांदा फिरलं. तेव्हाही साखर वाटली गेली.

पण मित्रांनो, घड्याळ शून्यावर आलं म्हणून हाडं थोडीच शून्यावर येतात! माझं इंजिन आतून झिजत चाललं होतं. चढावर धाप लागे, मागून निळा धूर निघे, आणि तेल तर ते असं प्यायचं की विचारू नका. जनकोजी मेस्त्रीने हात पुसत सांगितलं, "म्हातारी झाली आता. तेल पाजत राहा, चालेल." घरात सगळ्यांनी हे वाक्य गाठीला बांधलं. फार म्हणजे फारच घट्ट बांधलं, ते पुढे कळेलच.

त्याच सुमाराला सेतुमाधवरावांचा गळा गेला. इतक्या वर्षांच्या कथा, रात्ररात्रीचं गाणं, उघड्यावरची थंड हवा. एके सकाळी आवाज फुटेना. डॉक्टरांनी कुजबुजण्यापलीकडे बोलायला मनाई केली. घर कसं सुनंसुनं झालं. ते गाडी चालवत ती चिपळ्या मांडीवर ठेवून, आणि बोलण्याऐवजी चिपळी वाजवत. एकदा वाजली की 'दार नीट लावा', दोनदा वाजली की 'जरा गप्प बसा'.

त्यांना एकच मुलगी, भवानी. लहानपणापासून ती माझ्या पुढच्या सीटवर बसून वडिलांच्या कथा पाठ करत आली होती. एकटी असली की माझ्या आरशात बघून हातवारेही करायची. तिच्या पहिल्या श्रोत्या आम्हीच, मी आणि माझा आरसा. आता तिच्याशिवाय घराण्याची गादी चालवायला कोणी उरलं नव्हतं.

श्रीपेरुंबुदूरच्या वाटेवर आत वळलं की वेळ्ळंपाक्कम लागतं, म्हणजे जिथे मी आज उभी आहे ते हे गाव. इथल्या देवळात दर दिवाळीला संध्याकाळी सेतुमाधवराव नरकासुरवधाची कथा करत. यंदा भवानी करेल म्हणून निरोप गेला, तेव्हा गावच्या देवळाचा कारभार पाहणारे पद्मनाभ मुदलियार स्वतः मैलापुरात आले. त्यांचं तमिळ मी तुम्हाला मराठीत करून सांगते. मला दोन्ही भाषा येतात.

"मुलगी लहान आहे, पण तुमचा शब्द मी मोडत नाही," ते सेतुमाधवरावांना म्हणाले. "मात्र दिवे लागायच्या आत कथा सुरू झाली पाहिजे. सणाच्या दिवशी देवापुढची गादी रिकामी ठेवता येत नाही. उन्हं कलेपर्यंत तुम्ही दिसला नाहीत, तर मी शेजारच्या गावच्या कथेकऱ्यांना, चंद्रमौळी भागवतरांना, घेऊन येईन. मग रागवू नका."

ते गेल्यावर सेतुमाधवराव भवानीला जवळ बसवून कुजबुजले, "बाळा, बाकीची गावं वेळ्ळंपाक्कमकडे डोळे लावून बसली आहेत. तिथे तुला गादी मिळाली तर सगळीकडे मिळेल. तिथे नाही मिळाली, तर आपल्या घराची कथा माझ्याबरोबर संपली." भवानी उठली. ती बाहेर आली आणि माझ्या पुढच्या सीटवर येऊन बराच वेळ बसली. आरशात मात्र तिने पाहिलं नाही.

नरक चतुर्दशी उजाडली. तुम्हाला ठाऊकच आहे, मद्रासकडे दिवाळीच्या पहाटे डोक्याला तीळतेल चोळून, ऊन पाण्याने न्हायचं असतं. मग जो भेटेल तो दुसऱ्याला विचारतो, "गंगास्नान झालं का?" त्या दिवशी घरातलं कोणीही बिनतेलाचं राहू नये, असा कनकाआत्याचा कडक कायदा. दरवर्षी ती माझ्या बॉनेटलाही तेलाचं एक बोट लावायची. पण यंदाची गोष्ट निराळी होती. यंदा भवानीला तिच्या पहिल्या कथेला मी नेणार होते.

सगळ्यांची स्नानं झाल्यावर आत्या हातात तेलाचं भांडं घेऊन अंगणात आली. तेलात मिरे आणि विड्याचं पान घालून ते छान कोमट केलेलं होतं. इकडे तिकडे पाहून ती मला म्हणाली, "मोटार म्हणून का तुला टाकायची? तू घरची लेक नाही का? नुसत्या बोटाने काय होतं गो, आज पुरतं न्हायचं." सेतुमाधवराव तेल कुठे ओततात ते तिने शंभरदा पाहिलं होतं. तिने बॉनेट उचललं, झाकण काढलं आणि सगळं भांडं माझ्या पोटात रिकामं केलं. मिऱ्यांसकट!

आता गंमत ऐका. आदल्या संध्याकाळी सेतुमाधवरावांनी, लांबचा प्रवास म्हणून, मला गळ्यापर्यंत तेल पाजून ठेवलं होतं. त्यांना बोलायला मनाई, म्हणून ते कोणाला बोलले नाहीत. आणि आत्याच्याही आधी, अगदी पहाटे, आमच्या माडीवर भाड्याने राहणारे विद्याधर येऊन गेले होते. हे महाराष्ट्रातून रेल्वेच्या नोकरीवर आलेले. आमच्या कथेत पेटी वाजवत, आणि रेल्वेत आहोत म्हणजे इंजिनातलं सगळं आपल्याला कळतं, असा त्यांचा प्रामाणिक समज. त्यांनीही फडक्याने मला पुसलं आणि "असू दे थोडं जास्त, म्हातारीला बरं," म्हणत अर्धा डबा ओतला. एकाच नवरीला तिघांनी तीनदा न्हाऊ घातलं, आणि तिघांनाही वाटलं की आपण एकट्यानेच पुण्य केलं.

माझ्या अंगात तेल मोजायची एक पट्टी आहे. ओढून बाहेर काढली की तेल किती ते दिसतं. ती पट्टी त्या दिवशी कोणीही बाहेर काढली नाही.

दुपारी निघालो. पुढे सेतुमाधवराव आणि भवानी, मागे मृदंग मांडीवर घेतलेले वेंकोबा, पेटी मांडीवर घेतलेले विद्याधर, आणि दोघांच्या मध्ये फराळाचा डबा मांडीवर घेतलेली आत्या. निघतानाच मला जड जड वाटत होतं. गिंडीपर्यंत दोनदा खोकले, पूनमल्लीजवळ एकदा बंदच पडले. विद्याधरांनी खाली उतरून बॉनेट उघडलं, गंभीर चेहऱ्याने आत बघितलं, पुन्हा बंद केलं आणि म्हणाले, "काही नाही, हवेत दमटपणा आहे." यात वेळ गेला. आम्ही वेळ्ळंपाक्कमच्या आतल्या रस्त्याला वळलो, तेव्हा उन्हं ताडांच्या शेंड्यांवर गेली होती.

"अप्पा, उन्हं कलली," भवानी म्हणाली.

सेतुमाधवरावांनी जरा जोर दिला. आणि मित्रांनो, तिथेच ते घडलं. पोटात मावेनासं झालेलं ते सगळं तेल उसळून माझ्या श्वासाच्या नळीत आलं, आणि झिजलेलं इंजिन डिझेल सोडून तेच तेल जाळू लागलं. सेतुमाधवरावांनी पाय उचलला, तरी मी पळतच होते. उलट अधिक जोराने पळत होते. त्यांनी इंजिन बंद करायची कळ ओढली. डिझेल थांबलं, पण मला आता डिझेल हवं होतं कोणाला!

काय सांगू तो आनंद! इतकी वर्षं चढावर धापा टाकणारी, सायकलवाल्यांनीही मागे टाकलेली मी, वाऱ्यासारखी सुटले होते. मागे निळ्यापांढऱ्या धुराचा डोंगर उठला. आणि त्या धुराला वास कसला? तर ताज्या मुरुक्कूचा, म्हणजे तुमच्या चकलीचा! तीळतेल आणि मिरे जळत होते ना. शेतांतली माणसं नाक वर करून हुंगू लागली. तळ्याच्या बांधावरून मुदलियारांची बैलगाडी चालली होती, शर्यतीतल्या बैलांची, गावात तिच्यापुढे जायची कोणाची छाती नव्हती. आत मुदलियार होते, आणि त्यांच्या शेजारी बसले होते, ज्यांना आणायला ते गेले होते ते चंद्रमौळी भागवतर. मी त्यांना असं मागे टाकलं की भागवतरांच्या उपरण्याचं टोक उडून त्यांच्याच तोंडावर आलं.

"काका, वेग कमी करा!" विद्याधर ओरडले.

दोनदा चिपळी वाजली. सेतुमाधवराव तरी काय करणार! समोर गावची शीव आली. तिथे अय्यनार देवाचं उघडं ठाणं आहे, मातीचे मोठे रंगीत घोडे मांडलेले, आणि तिथे पोरं फटाके उडवत होती. पोरं दिसताच सेतुमाधवरावांनी क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले. मी शीव ओलांडून घोड्यांपुढे थांबले. पण क्लच दाबल्याबरोबर इंजिनावरचा सगळा भार सुटला, आणि ते मोकाट सुटलं. त्याची किंकाळी चढत चढत इतकी बारीक झाली की मातीच्या घोड्यांनीही कान टवकारले असते. "क्लच सोडा! क्लच सोडा!" विद्याधर ओरडत होते, आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं. पण ऐकू कोणाला जाणार? मग धडाम! आतला एक लोखंडी दांडा मोडला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. रस्ताभर तेल सांडलं.

सगळं शांत झालं. फटाक्यांची पोरंही तोंडं उघडी टाकून बघत राहिली. असला फटाका त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

आत्याने खिडकीतून खाली वाकून पाहिलं. काळ्या तेलात एक मिरं तरंगत होतं. "अय्यो, हे माझं तेल!" ती रडू लागली. "मीच घातलं. पोरीला गंगास्नान म्हणून सगळं भांडं ओतलं. मीच मारलं गो तिला, आणि भवानीची कथाही मीच बुडवली."

"भांडं?" विद्याधर पांढरे पडले. "अहो आत्या, पहाटे अर्धा डबा मीपण ओतला होता."

सेतुमाधवरावांनी हळूच एक बोट वर केलं आणि ते स्वतःच्या छातीवर ठेवलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वेंकोबांना आधी हसू फुटलं. पण भवानी हसली नाही. ती मागे बघत होती. बांधावरून मुदलियारांची गाडी येत होती. देऊळ अजून लांब होतं, अप्पांचे गुडघे दुखरे, आत्याचे पाय सुजलेले. गाडी आधी देवळात पोचणार, दिवे लागणार आणि गादीवर भागवतर बसणार, हे तिला दिसत होतं.

आता इथे एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. या मंडळींचा एक जुना दंडक आहे, आणि तो वेळ्ळंपाक्कमचं देऊळही मानतं. गावाच्या शिवेत एकदा मंगलाचरण झालं, की त्या दिवशी तिथे दुसऱ्याने कथा सुरू करायची नाही. आणि ज्याने मंगलाचरण केलं, त्याने आरती होईपर्यंत उभं राहिल्या जागेवरून पाय खाली ठेवायचा नाही.

भवानी दार उघडून माझ्या पायफळीवर उभी राहिली. खाली उतरली नाही. एका हाताने तिने माझं छत धरलं, पदर खोचला आणि वडिलांकडे पाहिलं. सेतुमाधवरावांना ती काय करते आहे ते कळलं. त्यांचे डोळे असे चमकले म्हणता! त्यांनी चिपळ्या उचलल्या. या वेळी त्या दार लावायला वाजल्या नाहीत, तालात वाजल्या.

आणि भवानीने मंगलाचरण सुरू केलं.

पहिली ओळ कापली. दुसरी सावरली. तिसऱ्या ओळीला वेंकोबांचा मृदंग आला, विद्याधरांची पेटी आली, आणि आवाज मोकळा झाला. माझ्या पुढच्या सीटवर वर्षानुवर्षं घोकलेला तो आवाज उघड्या शिवारावर पसरला. पोरं जवळ आली, शेतांतली माणसं बांधांवरून उतरून आली. मुदलियारांची गाडी आली आणि थांबली, कारण रस्त्यावर माणसांची दाटी झाली होती.

"हे काय चाललंय?" मुदलियार खाली उतरले. "दिवे लागायची वेळ झाली! भागवतर आलेत. चला, बाजूला व्हा!"

आत्याने डोळे पुसले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मंगलाचरण झालं हो! शिवेच्या आत झालं. आता मोडायचं नाही."

मुदलियारांनी भागवतरांकडे पाहिलं. भागवतर म्हातारे होते, शर्यतीच्या बैलांमुळे आधीच हाडं खिळखिळी झालेले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "झालं आहे. मी कानांनी ऐकलं. आता मी तोंड उघडलं तर पाप मला लागेल. आणि मुदलियार, पोरगी सुरात आहे, बरं का."

"पण गादी देवळात, आणि ही इथे!" मुदलियार डोक्याला हात लावून म्हणाले. "हिला तर खाली पाय ठेवता येत नाही. आता काय करायचं?"

भवानीने कथेचा धागा न सोडता त्यांच्याकडे बघून हात केला आणि गोष्टच पुढे चालवली. "ऐका हो जन! नरकासुराशी लढता लढता कृष्णदेवाला मूर्च्छा आली. रथावर उभी राहिली सत्यभामा. पण रथ चालेना! का चालेना? कारण रथाला तेल फार झालं!" लोक खो खो हसले. आत्यासुद्धा हसली. "शत्रू समोर, सूर्य कललेला, आणि पुढचे घोडे पाहावेत तर मातीचे! आता सत्यभामेचा रथ ओढणार कोण?"

"आम्ही!" पोरं ओरडली.

"कोण?"

"आम्ही! आम्ही!" आता मोठी माणसंही ओरडली.

चार गडी देवळाकडे धावले आणि रथोत्सवाचा दोर खांद्यावर घालून आले. मनगटाएवढा जाड, देवाच्या रथाचा दोर! तो माझ्या पुढच्या दांडीला बांधला. सेतुमाधवराव स्टिअरिंगच्या चाकाशी बसले. मुदलियारांनी जरा वेळ पाहिलं, मग अंगरखा काढून खांद्यावर टाकला आणि सगळ्यांत पुढे जाऊन दोर धरला. भागवतरांनी शेवटचं टोक धरलं. ते ओढत नव्हते, नुसते धरून चालत होते, पण चेहरा असा की सगळा रथ तेच ओढत आहेत.

मित्रांनो, मी गोऱ्या साहेबाला घेऊन फिरले, डॉक्टरांना घेऊन फिरले, मैलाचं घड्याळ दोनदा फिरवलं. पण इंजिन मोडल्यावर जे चालले, तसं आयुष्यात कधी चालले नव्हते. पोटात धडधड नाही, धूर नाही, नुसता माणसांचा आवाज आणि पायफळीवर भवानीचं गाणं. बायका दारांत येऊन माझ्यावर अक्षता टाकत होत्या. देवळापुढे पोचलो, आणि समईची पहिली ज्योत लागली ती आमच्यासमोर.

भवानी खाली उतरली नाही. सगळी कथा तिने माझ्या पायफळीवर उभी राहून सांगितली. सत्यभामेने बाण सोडला आणि नरकासुर पडला, तेव्हा सगळ्या गावाने एकदम फटाके लावले. सेतुमाधवरावांचे गाल ओले झाले होते, आणि चिपळ्या काही केल्या थांबत नव्हत्या. आरती झाल्यावर भवानीने जमिनीवर पाय ठेवला. मुदलियार पुढे आले आणि म्हणाले, "पुढच्या दिवाळीला याच गादीवर, मुली."

"गादीवर नाही," भवानी म्हणाली, "पायफळीवर."

दुसऱ्या दिवशी जनकोजी मेस्त्री आला. त्याने माझ्या पोटात पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं, आणि विचारलं, "हिच्यात मिरे कोणी घातले?" सगळे आत्याकडे बघू लागले, आणि आत्या आभाळाकडे. इंजिन दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं. ते काढून त्याने लॉरीत टाकून नेलं. मलाही पुदुपेटला भंगारात काढावं, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा माझ्या आधी पद्मनाभ मुदलियारच संतापले. "ज्या गाडीला देवाचा दोर लागला, ती भंगारात? आमच्या रथाच्या छपरात जागा आहे!"

तेव्हापासून मी इथे देवाच्या रथाला खेटून उभी आहे. आम्ही दोघंही वर्षातून थोडंच चालतो, आणि दोघांनाही माणसंच ओढतात. भवानीला आता गावोगावची आमंत्रणं असतात. ती बसने जाते. पण दिवाळीला इथे येते, शिवेपाशी माझ्या पायफळीवर चढते, आणि पोरांना विचारते, "रथ ओढणार कोण?" उत्तर इतक्या जोरात येतं की माझ्या काचा हादरतात. इंजिन होतं तेव्हाही इतक्या हादरत नसत.

मित्रांनो, म्हातारीचं एक मागणं आहे. तुमच्या घरी जे काही जुनं असेल, मोटार असो, सायकल असो की शिवणयंत्र, त्याच्यावर माया करा, पण आधी एकदा पट्टी काढून बघा. आणि शेजारच्याला विचारा, "तू घातलंस का?" आमच्या घरात तर आता कोणी डोक्याला तेल लावलं तरी मोठ्याने ओरडून सांगतं! आणि इतकं करूनही ते जुनं एके दिवशी थांबलंच, तर लगेच त्याला मोडीत काढू नका. अंगणात एखादा दोर सापडतो का, ते पाहा.

थांबा, आज नरक चतुर्दशी. बाहेर पावलं वाजताहेत. कनकाआत्या आता फार वाकली आहे, पण दरवर्षी सगळ्यांच्या आधी तीच छपरात येते. हातात वाटी असते. विद्याधर दारातून ओरडतात, "आत्या, एकच बोट हं!" आत्या त्यांच्याकडे लक्ष देत नाही. ती बोट बुडवते, माझ्या बॉनेटला लावते, आणि विचारते:

"गंगास्नान झालं काय गो?"

झालं, आत्या. पुरतं झालं.